ठोके ‘सरळ’ करणाऱ्या गोळीची गोष्ट



“डॉक्टर, ईसीजी अजून वाकडाच आहे. मग तुमच्या गोळ्यांचा उपयोग काय झाला?”

हा प्रश्न माझ्या ओपीडीत महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. गेल्या आठवड्यात तो एका निवृत्त शिक्षक काकांनी विचारला. वय ७४, सहा वर्षांपूर्वी हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेला, आणि आता एट्रियल फिब्रिलेशन. म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, आणि मनगटावरची नाडी कधी भराभर, कधी अडखळत, कशीही चालते. मी त्यांना या त्रासासाठी दोन गोळ्या दिल्या होत्या. एक ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवणारी आणि दुसरी रक्त पातळ करणारी. ठोक्यांचा बेतालपणा राहणार आहे, हेही सांगितलं होतं.

पण काका गणिताचे शिक्षक. बाहेर ईसीजी काढला, त्यावर पुन्हा तेच निदान छापून आलं, आणि त्यांनी चिडून आठ दिवस दोन्ही गोळ्या बंद ठेवल्या. मुलीने इंटरनेटवर वाचून सांगितलं होतं की ठोके सरळ करणाऱ्या गोळ्याही मिळतात. “मिळतात ना?” त्यांनी विचारलं.

मिळतात. एक नव्हे, अनेक मिळतात. मग मी त्या का दिल्या नाहीत? याचं उत्तर ओपीडीच्या दहा मिनिटांत बसत नाही, कारण ते अडीचशे वर्षांत तयार झालं आहे आणि त्यात बरीच माणसं दगावली आहेत. म्हणून आजचा लेख थोडा इतिहासाचा.

म्हातारीच्या काढ्यातलं एक पान

१७७५ साली इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांना एका घरगुती काढ्याबद्दल मत विचारण्यात आलं. श्रॉपशायर परगण्यातली एक म्हातारी अंगावर सूज आलेल्या लोकांना हा काढा द्यायची. डॉक्टरांनी हात टेकलेले काही पेशंट त्याने बरे होत. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग यांना वनस्पतीशास्त्र चांगलं अवगत होतं. त्यांनी ओळखलं की यातलं कामाचं पान एकच, फॉक्सग्लोव्हचं. लॅटिनमध्ये तिला डिजिटॅलिस म्हणतात.

पुढची दहा वर्षं त्यांनी हे पान निरनिराळ्या मात्रेत देऊन पाहिलं आणि १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. मला त्या पुस्तकाचं मोठेपण वाटतं ते एका गोष्टीसाठी. बरे झालेले पेशंट तर त्यांनी लिहिलेच, पण ज्यांना उपयोग झाला नाही, ज्यांना त्रास झाला, जे गेले, त्यांचीही नोंद ठेवली. मात्रा थोडी जास्त झाली तर उलट्या होतात, सगळं हिरवं-पिवळं दिसू लागतं, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरते आणि माणूस मरूही शकतो, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं. औषध आणि विष यांच्यातलं अंतर किती कमी आहे, हे त्यांना पहिल्याच दशकात कळलं होतं.

(आपल्याकडच्या पिवळ्या कण्हेरीत, म्हणजे बिट्टीत, याच जातीचं विष असतं. तिची बी पोटात गेल्याने ठोके बंद पडलेले पेशंट आपल्या दवाखान्यांत अजूनही येतात. तेव्हा हृदयासाठी झाडपाल्याचा काढा कोणी सुचवला तर आधी विचारा, की पान कसलं.)

डिजिटॅलिस नेमकं कोणाला लागू पडतं हे मात्र सव्वाशे वर्षं कोणाला कळलं नाही. त्याचा धागा जेम्स मॅकेन्झी यांना सापडला. बर्नली या गिरणगावात ते साधे फॅमिली डॉक्टर होते. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल कागदावर एकाच वेळी उमटवणारं यंत्र त्यांनी तयार केलं आणि तेच तेच पेशंट वर्षानुवर्षं तपासले. एका बाईच्या नोंदीत त्यांना दिसलं की नाडी बेताल झाली त्याच सुमारास मानेतल्या शिरेवरची वरच्या कप्प्याची लाट नाहीशी झाली आहे. त्यांना वाटलं, वरचा कप्पा लुळा पडला. १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या दोन डॉक्टरांनी नव्याने आलेल्या ईसीजीवर दाखवून दिलं की तो लुळा पडलेला नसतो, थरथरत असतो.

मग डिजिटॅलिस काय करतं? ते थरथर थांबवतच नाही. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये विजेच्या संदेशांसाठी एक नाकं आहे. डिजिटॅलिस त्या नाक्यावर गर्दी अडवतं. वर गोंधळ चालूच राहतो, पण खालच्या कप्प्याला कमी संदेश पोहोचतात, तो सावकाश आकुंचन पावतो, भरायला वेळ मिळतो आणि सूज उतरते. म्हणजे ईसीजी वाकडा आणि पेशंट बरा. काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. १९३० साली या जातीच्याच दुसऱ्या झाडातून डिगॉक्सिन वेगळं काढलं गेलं. ती छोटी गोळी आजही आपण वापरतो, आजही मोजूनमापून, आणि किडनीकडे लक्ष ठेवून.

कोयनेल घेणारा व्यापारी

ठोके खरोखर सरळ करणारं पहिलं औषध मात्र एका पेशंटने डॉक्टरला शिकवलं.

१९१२ मध्ये डच डॉक्टर कारेल वेंकेबाख यांच्याकडे एक व्यापारी आला. पूर्वेकडच्या मलेरियाच्या मुलखात राहिलेला. त्याला अधूनमधून ठोके बेताल होण्याचे झटके यायचे. वेंकेबाख त्या काळातले ठोक्यांचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांनी सांगितलं, यावर माझ्याकडे उपाय नाही. व्यापारी म्हणाला की हृदयाचे तज्ज्ञ आहेत कशासाठी मग, आणि मला माझा झटका स्वतःला थांबवता येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो नियमित नाडी घेऊनच. मलेरियासाठी कोयनेल घेताना त्याच्या लक्षात आलं होतं की एक ग्रॅम घेतलं की पंचवीस मिनिटांत झटका जातो.

कोयनेल म्हणजे आपलं क्विनाईन. ब्रिटिश अमलात ज्याच्या पुड्या पोस्टात विकत मिळायच्या आणि ज्याच्या कडवटपणाच्या गोष्टी आपले आजी-आजोबा सांगायचे, तेच. सिंकोना झाडाची ही साल. तशी १७४९ मध्येच फ्रान्सच्या सेनाक यांनी छातीतल्या हट्टी धडधडीवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं होतं, पण ते मागे पडलं होतं.

वेंकेबाख यांचा मोठेपणा असा की त्यांनी हे हसण्यावारी नेलं नाही. इतर पेशंटवर करून पाहिलं, आणि मोजक्यांनाच गुण येतो हेही प्रामाणिकपणे १९१४ मध्ये लिहिलं. १९१८ मध्ये जर्मनीच्या वॉल्टर फ्राय यांनी सिंकोनाच्या सालीतली निरनिराळी द्रव्यं तपासली आणि त्यांतलं क्विनिडिन सर्वांत जोरदार ठरलं. पुढची पन्नास वर्षं ठोके सरळ करायचे म्हटलं की क्विनिडिन.

पण लवकरच एक विचित्र गोष्ट दिसू लागली. क्विनिडिनवरचे काही पेशंट अचानक चक्कर येऊन पडत, काही तिथेच जात. डॉक्टर म्हणत, हृदयातली गुठळी सुटून मेंदूत गेली असेल. समजूत पटण्यासारखी होती, म्हणून ती चाळीस वर्षं टिकली. १९६४ मध्ये दोन अमेरिकन डॉक्टरांनी अशा पेशंटचे ईसीजी नेमके त्या क्षणी पकडले. गुठळीचा संबंध नव्हता. औषधाने वरच्या कप्प्याचे ठोके सुधारता सुधारता खालच्या कप्प्यात प्राणघातक थरथर सुरू केली होती.

ठोक्यांचं औषधच ठोके बिघडवू शकतं, ही सूचना इथे मिळाली होती. ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. आमच्या धंद्यात असं होतं. धोक्याची घटना दिसली की आपण औषध बदलतो, विचार बदलत नाही.

तेवीस टाके घातले, पण...

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्यासाठी एट्रियल फिब्रिलेशन क्षणभर बाजूला ठेवू, कारण ही घटना जादा ठोक्यांची आहे. खालच्या कप्प्यातून मध्येच एखादा ठोका पडतो, ‘धस्स’ होतं, तो हा. निरोगी माणसातही पडतो आणि बहुतेक वेळा त्याला काही अर्थ नसतो.

१९६०च्या दशकात हार्ट अ‍ॅटॅकच्या पेशंटना मॉनिटर लावलेल्या खास वॉर्डात ठेवायला सुरुवात झाली. तिथे दिसलं की ज्यांना असे जादा ठोके खूप पडतात, त्यांच्यात पुढे अचानक मृत्यू जास्त होतात. यावरून हिशेब अगदी सरळ होता. जादा ठोके वाईट, ते बंद करणारं औषध चांगलं. १९८०च्या दशकाच्या मध्यावर फ्लेकॅनाइड आणि एन्केनाइड ही दोन नवी औषधं अमेरिकेत आली. ठोके बंद करण्यात तर अव्वल. सकाळी गोळी सुरू करा, दुसऱ्या दिवशी चोवीस तासांची पट्टी जवळपास स्वच्छ. डॉक्टर खूश, पेशंट खूश.

एकच गोष्ट कोणी तपासली नव्हती. माणसं जास्त जगतात का?

ते तपासण्यासाठी अमेरिकन सरकारच्या आरोग्यसंस्थेने १९८७ मध्ये ‘कास्ट’ नावाची चाचणी सुरू केली. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेले पेशंट घेतले. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. त्या वेळी काही डॉक्टरांना खोटी गोळी देणं हाच अन्याय वाटत होता. आणि चाचणीत कोण घेतले? आधी औषध देऊन ज्यांचे जादा ठोके खरोखर कमी झाले, फक्त तेच. म्हणजे औषध ज्यांच्यावर ‘लागू पडलं’ होतं असेच पेशंट.

एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांचा भाग घाईने थांबवावा लागला. सरासरी दहा महिन्यांत खरी गोळी घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ जण गेले होते. खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. ईसीजी सुधारला होता आणि मृत्यू दुपटीहून जास्त झाले होते.

असं का व्हावं? हार्ट अ‍ॅटॅकनंतर हृदयाच्या स्नायूत व्रण राहतो. ही औषधं हृदयातल्या विजेची चाल मंदावतात. निरोगी हृदयात त्याने बिघडत नाही. पण व्रणाला वळसा घालून जाणारा मंद प्रवाह फिरून सुरुवातीच्या जागी येईपर्यंत तिथला स्नायू पुन्हा तयार झालेला असतो. मग प्रवाह घाण्याच्या बैलासारखा तिथेच गोल फिरत राहतो, ठोके दोनशेच्या वर जातात, आणि काही मिनिटांत सगळं संपतं. रोजचे पन्नास चिल्लर जादा ठोके गेले, आणि तो एक जीवघेणा झटका आला.

मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी वाटते. ही चाचणी झाली नसती तर हे कधीच कळलं नसतं. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेला माणूस अचानक गेला तर घरचे काय म्हणतात? डॉक्टर काय म्हणतो? “हृदय कमजोरच होतं.” गोळीवर कोणाचा संशय जाणार? उलट, डॉक्टरच्या हातात त्याच माणसाची स्वच्छ झालेली पट्टी असायची.

आणि याच्या अगदी उलट उदाहरण डोळ्यांसमोर होतं. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात शोधलेलं प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर गटातलं औषध. जादा ठोके पुसण्यात ते फार हुशार नाही. पण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला साडेतीन हजारांहून जास्त पेशंटवर झालेल्या चाचणीत अ‍ॅटॅकनंतरचे मृत्यू त्याने कमी केले. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. काकांची पहिली गोळी याच घराण्यातली आहे.

(वरचं ‘तेवीस टाके’ हे काकांचं वाक्य. कास्टची गोष्ट ऐकून ते म्हणाले, “म्हणजे सदऱ्याला तेवीस टाके घातले, पण सदरा घालणारा गेला.” मथळ्यासाठी उसनं घेतलं.)

मग अमायोडॅरोन?

हा प्रश्न हमखास येतो, कारण हे औषध आपल्याकडे स्वस्त आहे आणि सर्रास वापरलं जातं. त्याचं मूळ इजिप्तमधल्या खेल्ला नावाच्या वनस्पतीपर्यंत जातं. तिथले लोक मुतखड्याच्या कळांवर ती घेत. १९६०च्या दशकात बेल्जियममध्ये तिच्यातल्या द्रव्यावरून छातीत दुखण्यासाठी हे औषध बनवलं गेलं. ते ठोक्यांवर चालतं, हे १९७०च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये दाखवलं ब्रह्मा सिंग यांनी, फिजी बेटांवरच्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी. व्रण असलेल्या हृदयातही ते फ्लेकॅनाइडसारखं उलटत नाही, म्हणून त्याला मान आहे. पण त्याच्या वजनात ३७ टक्के आयोडीन असतं आणि ते शरीरातून जायला आठवडे, महिने घेतं. थायरॉइड, फुप्फुसं, लिव्हर, डोळे, उन्हात काळी-निळी पडणारी कातडी, यांतलं काहीही बिघडू शकतं. हे घेणाऱ्यांनी दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि लिव्हरची तपासणी करायलाच हवी. कोणी सांगितली नसेल तर आपणहून विचारा.

दुसरी गोळी

एट्रियल फिब्रिलेशनकडे परत येऊ. कास्टनंतर डॉक्टरांनी तोच प्रश्न इथेही विचारला. ठोके सरळ करायच्या मागे लागावं, की वेग आवरून बसावं? ४,०६० पेशंटवर झालेल्या ‘अफर्म’ चाचणीचा निकाल २००२ मध्ये आला. ठोके सरळ ठेवायचा प्रयत्न केलेल्या गटात माणसं जास्त जगली नाहीत. त्याहून महत्त्वाचं, दोन्ही गटांत लकव्याचे झटके बहुतेक अशांना आले ज्यांची रक्त पातळ करणारी गोळी बंद झाली होती किंवा कमी पडत होती. ठोके सरळ झाले म्हणून गोळी थांबवली, आणि लकवा गाठला. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूत जाते. ईसीजी दहा मिनिटं सरळ दिसला म्हणून मधल्या रात्री काय झालं ते कोणी पाहिलेलं नसतं.

ही गोळी तरी कुठून आली? १९३३च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेलं दुधाचं कॅन आणि कुजकं गवत गाडीत घालून विद्यापीठात पोहोचला. त्याची जनावरं रक्तस्रावाने मरत होती. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या गवतातलं द्रव्य सहा वर्षांनी वेगळं केलं. त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. “डॉक्टर उंदराचं औषध देतात” हे वाक्य माझ्या कानावर येतं. खरं आहे. १९८९ ते १९९२ या काळातल्या चाचण्यांत त्याच औषधाने एट्रियल फिब्रिलेशनमधला लकव्याचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी केला.

आता त्याच्या जागी दॅबिगॅट्रान, एपिक्सॅबॅन अशा नव्या गोळ्या आल्या आहेत, ज्यांना दर महिन्याची रक्ततपासणी लागत नाही. पण लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झाली असेल, आणि असे पेशंट आपल्याकडे पुष्कळ आहेत, तर जुनंच औषध. २०२२ मध्ये आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत झालेल्या चाचणीत अशा पेशंटमध्ये नव्या गोळीपेक्षा जुन्या गटाच्या गोळीवर मृत्यू कमी झाले. तेव्हा शेजाऱ्याची नवी गोळी बघून आपली बदलू नका. आणि मेथी-पालक बंद करायची नाही, रोज साधारण सारखीच खायची.

गोष्ट इथे थांबत नाही

२०२० मध्ये युरोपातल्या एका चाचणीने पारडं पुन्हा हलवलं. एट्रियल फिब्रिलेशन सापडून वर्षही झालेलं नाही अशा २,७८९ जणांपैकी अर्ध्यांचे ठोके लवकर सरळ करायचा प्रयत्न केला, रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवून. त्यांच्यात लकवा आणि हृदयामुळे होणारे मृत्यू कमी झाले. वापरलेल्या औषधांत फ्लेकॅनाइडही होतं, तेच कास्टमधलं. फरक इतकाच की आता ते कोणाला द्यायचं नाही हे माहीत होतं. व्रण नसलेल्या, धडधाकट हृदयाच्या माणसाला ते उत्तम चालतं. शिवाय १९९८ मध्ये फ्रान्समध्ये कळलं की बऱ्याचदा गडबड फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होते. त्यानंतर तारेने ती जागा डागण्याचा उपाय आला. त्यावर वेगळा लेख लिहीन.

म्हणून चाळिशीच्या, नुकतेच झटके सुरू झालेल्या, धाप लागणाऱ्या माणसाला मी ठोके सरळ करायच्या उपायांकडे पाठवतो, आणि लवकर पाठवतो. काकांच्या हृदयात व्रण आहे, म्हणून फ्लेकॅनाइड बाद. थायरॉइडची गोळी आधीच चालू, म्हणून अमायोडॅरोन नाइलाजानेच. वरचा कप्पा वर्षानुवर्षं ताणून मोठा झालेला, म्हणून सरळ केले तरी टिकणार नाहीत. आणि रोज सकाळी ते चार किलोमीटर चालतात, त्यांना काही जाणवतही नाही.

काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं, मध्ये दोनदा आकडे विचारून घेतले. ६३ आणि २६ त्यांनी खिशातल्या डायरीत लिहिले. गोळ्या त्याच संध्याकाळी परत सुरू केल्या. उठताना म्हणाले, “मग ईसीजी काढायचाच कशाला?”

“वेग बघायला,” मी म्हटलं. त्या दिवशी तो ८२ होता.